जुन्या गाडीत मागे राहिलेली गाणी: ठेवावीत, पुसावीत की परत करावीत?

घोडबंदरवासी (धागाकर्ता)

जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, क्लच दाबून पाहतो, टायरची झीज आणि विम्याची मुदत तपासतो, आरसी बुकावरचा चॅसिस क्रमांक जुळवतो. स्टिरिओत आणि त्याच्या आसपासच्या कप्प्यांत काय राहिले आहे याची चौकशी मात्र घेणाराही करत नाही आणि देणाराही करत नाही. त्यामुळे आधीच्या घरातले संगीत गाडीबरोबर नव्या घरी येते. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ते न ऐकताच टाकून दिले आहे आणि मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

माझ्यापुरता तपशील असा. माजिवड्याजवळच्या एका विक्रेत्याकडून मी २००७ सालची, एमएच-०४ पासिंगची, एकाच मालकाने वापरलेली छोटी पेट्रोल गाडी घेतली. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण झालेले आहे, हरित कर भरलेला आहे, कागदपत्रे चोख आहेत. सनव्हायझरला सीडी ठेवायची कापडी पिशवी अडकवलेली होती आणि तिच्यात मार्करने नावे घातलेल्या एमपीथ्री सीडी होत्या: ‘नाट्यगीते’, ‘जुनी हिंदी, पावसाळा’, ‘कोकण प्रवास १’, ‘कोकण प्रवास २’. ही गाणी कोणालाही कुठेही मिळतील. मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात, गाडीच्या माहितीपुस्तिकेखाली, एक कॅसेटही निघाली. या गाडीला कॅसेट प्लेअर कधीच नव्हता, म्हणजे त्या गृहस्थांनी ती आधीच्या गाडीतून या गाडीत आणली आणि वाजवण्याची सोय नसतानाही वर्षानुवर्षे जवळ बाळगली. आतल्या कागदावर निळ्या शाईत ‘घर, दिवाळी ९४’ एवढेच लिहिलेले आहे. माझ्याकडे टेपरेकॉर्डर नाही. कॅसेट कोणाकडून वाजवून घ्यावी, की ऐकण्याआधी मालकांचा शोध घ्यावा, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

गाडीबाजार

मी ठाण्यात याच धंद्यात आहे, त्यामुळे पडद्यामागे काय घडते ते सांगतो. गाडी आमच्याकडे आली की आधी धुलाईला जाते, मग आतली सफाई आणि पॉलिश होते. सफाई करणाऱ्या मुलाजवळ एक काळी पिशवी असते आणि सीटखालचे, दारांच्या खणांतले, डिकीतले सगळे त्या पिशवीत जाते: पार्किंगच्या पावत्या, संपलेल्या अत्तराच्या बाटल्या, पुसायची फडकी आणि त्यांच्याबरोबर सीडीही. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र कोणीही त्या पिशवीत टाकत नाही. तो नमस्कार करून काढला जातो, ऑफिसातल्या फळीवर ठेवला जातो आणि मूळ मालकाला ‘तुमचा बाप्पा राहिला आहे’ असा फोनही जातो. असा फोन पेनड्राइव्हसाठी केल्याचे मला आठवत नाही. पेनड्राइव्ह खणात पडून राहतो किंवा त्याच मुलाच्या उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट. आजकाल गिऱ्हाइकाला मोठा टचस्क्रीन हवा असतो, म्हणून जुना स्टिरिओ काढून तिथे अँड्रॉइडवर चालणारा बसवला जातो. जुना स्टिरिओ भंगारात जाताना त्याच्या आत सीडी आहे की नाही हे कोणी पाहत नाही, कारण बॅटरीची जोडणी तोडल्यावर ती बाहेर निघतच नाही.

पारसिक

मी वेगळे मत नोंदवतो. माणूस गाडी विकतो तेव्हा त्याने ती रिकामी करून देणे अपेक्षित असते. जे राहिले ते त्याला नको होते असे धरून चालावे. आपण त्याच्या कॅसेटी ऐकायच्या, त्यावरून त्याच्या घराचा अंदाज बांधायचा आणि मग त्याच्या दारात उभे राहायचे, हे मला परक्या माणसाच्या खासगी आयुष्यात शिरण्यासारखे वाटते. काही लोक आठवणी मागे टाकण्यासाठीच गाडी विकतात. माझा सल्ला असा की कॅसेट न ऐकता विक्रेत्याकडे द्यावी आणि विषय तिथेच सोडावा.

कळवेकरीण

पारसिक, तुमची काळजी मला समजते, परंतु ‘राहिले म्हणजे नको होते’ हे गृहीतक आमच्या बाबतीत सपशेल चुकीचे ठरले, म्हणून लिहिते.

बाबा गेल्यानंतर आमची गाडी सोसायटीत उभी होती. आईला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली होती, पार्किंगवरून शेजाऱ्यांची कुरबुर सुरू झाली होती आणि भाऊ परदेशात होता. मध्यस्थ आला, त्याने किल्ली, आरसी बुक आणि सह्या घेतल्या आणि गाडी नेली. आमच्यापैकी कोणीही गाडीत बसूनही पाहिले नाही, कारण ते धैर्यच नव्हते. स्टिरिओला लावलेल्या पेनड्राइव्हवर बाबांच्या भजनी मंडळाची एकादशीची भजने होती, हे पुढे मंडळातल्या काकांनी विचारल्यावर लक्षात आले. त्यांनी ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून बाबांना दिली होती आणि तो मोबाइल केव्हाच बिघडला होता. नवे मालक भले गृहस्थ निघाले. त्यांनी पेनड्राइव्ह अजून गाडीतच असल्याचे सांगितले, पण स्वतःची गाणी भरताना त्यांनी तो फॉरमॅट केलेला होता. त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही, कारण त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

गाडी विकण्याचा प्रसंग अनेक घरांत मृत्यू, आजारपण, बदली किंवा कर्ज यांच्या पाठोपाठ येतो, आणि अशा वेळी माणसे कप्पे तपासत बसत नाहीत. म्हणून घोडबंदरवासी, तुम्ही मालकांना जरूर विचारा. त्यांना नको असेल तर ते नको म्हणतील.

नेरूळ पूर्व

संगीत फक्त सीडीवर राहते असे नाही. माझी गाडी एमएच-१२ पासिंगची आहे आणि घेतली तेव्हा रेडिओच्या पहिल्या बटणावर १०१.० मेगाहर्ट्झ आणि मध्यमलहरींच्या पहिल्या बटणावर ७९२ किलोहर्ट्झ जपून ठेवलेले होते. पहिले पुण्याचे विविध भारती आणि दुसरे पुणे आकाशवाणी. पाम बीच रस्त्यावर १०१.० लावले की नुसती खरखर ऐकू येते. घाट ओलांडून गेल्यावर मात्र ते बटण आजही कामाला येते, म्हणून मी ते बदललेले नाही. आपल्याकडचे १०७.१ आणि अस्मिता वाहिनीचे ५५८ मी पुढच्या बटणांवर लावून घेतले. बऱ्याच जुन्या स्टिरिओंत बॅटरी काढली की या नोंदी पुसल्या जातात, तेव्हा ज्यांना त्यांचे मोल वाटते त्यांनी बॅटरी बदलण्याआधी त्या लिहून ठेवाव्यात.

घणसोलीची लेक

मी घणसोली गावातली आहे आणि या विषयाबद्दल मला फार मनापासून सांगायचे आहे.

आमच्या भावाने कोपरखैरण्यात एक सात आसनी गाडी घेतली. तिच्यात एक पेनड्राइव्ह होता आणि त्यावर आपल्या भागातल्या कुठल्याही गाडीत असतात तशी हळदीची गाणी, कोळीगीते आणि बेंजोच्या तालावरची गाणी खच्चून भरलेली होती. भाऊ पुसणारच होता. मी म्हटले, आधी सगळे ऐकू दे. शेवटच्या फोल्डरमध्ये नावाऐवजी नुसते आकडे असलेल्या काही फायली होत्या आणि त्यांत एका धवलारणीचा आवाज होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण धवले गाते आणि त्या गाण्यांच्या आधाराने लग्नाचे विधी पुढे सरकतात. हे धवले पुस्तकातून शिकले जात नाहीत; एका बाईच्या तोंडून दुसरीच्या तोंडी येतात, आणि गाणाऱ्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत. हे ध्वनिमुद्रण कोणीतरी मांडवात मोबाइल धरून केलेले होते. धवलारणीच्या मागून साथ देणाऱ्या दोघी-तिघींचे आवाज येतात, मध्येच कोणीतरी पाण्याचा हंडा सरकवते, एक लहान मूल रडते, आणि ती बाई या कशानेही न थांबता, श्वास घ्यायलाही क्वचितच थांबून, ओळीमागून ओळ गात राहते.

आता मालक कसे सापडले ते सांगते. या गाण्यांत नवरा-नवरीची, आईबापांची, मामाची नावे गुंफतात, गावाचे आणि गावदेवीचे नाव येते. म्हणजे घराचा पत्ता गाण्यातच होता. बेलापूरजवळच्या एका गावाचे नाव तिने दोनदा घेतले आणि आडनावही कानावर पडले. आमची मावशी शेजारच्याच गावात दिलेली आहे. तिने त्याच दिवशी ते घर शोधून काढले. गाणारी आजी तोपर्यंत वारली होती आणि घरात तिच्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. गाडी त्यांच्या धाकट्या मुलाने विकली होती. त्याला त्या फायली तिथे आहेत हेच माहीत नव्हते, कारण लग्नाच्या वेळी कोणीतरी त्याच्या मोबाइलमधून सगळे सरसकट पेनड्राइव्हवर टाकून दिले होते.

१९७० मध्ये सिडको आली, गावांच्या जमिनी संपादित झाल्या, आणि आमच्या गावठाणांभोवती शहर उभे राहिले. पूर्वी अंगणात पडणारा मांडव आता हॉलमध्ये पडतो आणि तिथे मोठ्या स्पीकरपुढे धवलारणीचा आवाज पोहोचत नाही. त्यामुळे अंगणात गायलेल्या धवल्याचे कोणतेही ध्वनिमुद्रण, ते कितीही खराब असले तरी, आम्हाला मोलाचे आहे. ठाणे, नवी मुंबई, उरण, पनवेल या भागातली जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे की पेनड्राइव्ह पुसण्याआधी शेवटच्या फायलीपर्यंत ऐका. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. ज्या फायलीला नाव नाही ती उघडून पाहा.

फीतदुरुस्ती

ताईंनी ‘ज्या फायलीला नाव नाही ती उघडा’ असे लिहिले, त्याच धर्तीवर कॅसेटबद्दल सांगतो. घोडबंदरवासी, कॅसेटच्या मागच्या कडेला, फीत दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन टोकांना दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या तोडलेल्या आहेत का ते पाहा. कोरी कॅसेट या पट्ट्यांसह येते आणि पट्टी तोडली की त्या बाजूवर चुकूनही दुसरे काही भरले जात नाही. दोन्ही तोडलेल्या असतील तर कोणीतरी ही कॅसेट जपायची असे ठरवले होते, हे निश्चित समजा.

१९६३ मध्ये फिलिप्सने ही कॅसेट आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती स्वस्त झाली आणि गल्लोगल्ली कॅसेट भरून देणारी दुकाने निघाली. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली घेऊन जायची. त्यांची जागा पुढे सीडी राइट करून देणाऱ्यांनी आणि मग मेमरी कार्ड भरून देणाऱ्यांनी घेतली. जुन्या गाड्यांत सापडणारा बराचसा ऐवज या दुकानांतला असतो आणि त्यातली निवड ज्याची त्याची असली तरी गाणी अन्यत्र मिळतात. मात्र टेपरेकॉर्डरचे लाल बटण दाबून घरात भरलेली कॅसेट एकुलती एक असते, आणि ‘घर, दिवाळी ९४’ हे शब्द तिकडेच बोट दाखवतात.

ती कोणत्याही जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत मे महिन्यात ६० अंशांच्या आसपास तापमान जाते, त्याने कॅसेटचे कवच वाकते आणि फिरकी घट्ट होते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते; खिडकीतून गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट वाजवायचीच नाही, कारण फीतही खराब होते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटींतही पसरते. फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा लोकरीचा इवलासा तुकडा फीत दिसते त्या कडेच्या मधोमध असतो. त्याचा डिंक सुकून तो गळून पडलेला असतो, हा अगदी नेहमीचा दोष आहे. कवच पाच स्क्रूंचे असेल तर ते उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. चिकटवलेले असेल तर सांध्यावरून काळजीपूर्वक फोडावे लागते, आणि ते नवख्याने करू नये.

सगळे ठीक असेल तर फीत आधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून परत आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे १३५ मीटर भरते आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमधल्या फितीपेक्षा पातळ असते, म्हणून मागे-पुढे वारंवार पळवणे टाळावे. हेड अल्कोहोलने पुसावे आणि हेडचा कोन स्क्रूने असा जुळवावा की ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ ऐकू येतील. घरगुती ध्वनिमुद्रणात अर्धे शब्द या एका जुळणीमुळे कळू लागतात. संगणकावर घेताना वेव्ह फाइल करावी, एमपीथ्री नंतर बनवता येते. आवाज स्वच्छ करण्याचा सोस बाळगू नये. मागे वाजणारे फटाके आणि भांड्यांचे आवाज हाही त्या दिवाळीचाच भाग आहे.

ऐरोलीकर

फीतदुरुस्ती यांच्याशी सहमत. सीडींबद्दल एवढेच जोडतो की घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर असते आणि ऊन व उष्णता यांनी तो थर फिका पडतो. सनव्हायझरवर राहिलेल्या सीडी म्हणूनच सर्वांत आधी दगा देतात. त्या गाडीत वाजवण्यापेक्षा संगणकावर उतरवून घ्याव्यात. फायलींवरच्या तारखाही तिथे दिसतात आणि त्यांवरून संग्रह केव्हा जमवला याचा अंदाज येतो.

मीरा रोडवरून

इतकी खटपट कशाला? कॅसेटमधला थोडा भाग आणि गाडीचा क्रमांक फेसबुकवर टाकावा, मालक दोन तासांत सापडतील.

बेलापूरकर

कृपया असे करू नये. मी वकिली करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती आपल्या ताब्यात घेतो त्याच्यावर ती सांभाळण्याची तशीच जबाबदारी येते, जशी विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर असते. गाडीबरोबर कॅसेटही विकली गेली असा युक्तिवाद करता येईल, परंतु तो विकणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून राहील, आणि नजरचुकीने राहिलेल्या वस्तूबाबत मी स्वतः त्या युक्तिवादावर विसंबणार नाही.

दुसरा मुद्दा आशयाचा. कॅसेट तुमच्या हाती आली म्हणून ध्वनिमुद्रणाचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचा हक्क ५० वर्षे. घणसोलीच्या ताईंच्या धवलारणीलाही हा हक्क होता. घरातल्या बोलण्याबाबत तर कायद्याच्या आधी साधे सौजन्य आडवे यावे. कोणा घरातली १९९४ ची दिवाळी त्यांच्या संमतीविना सार्वजनिक करण्याचा अधिकार कोणालाच नाही. स्टिरिओत आधीच्या मालकाच्या मोबाइलची जोडणी आणि त्याबरोबर त्याचे फोनबुक शिल्लक असेल तर ते पाहू नये, सेटिंगमध्ये जाऊन पुसून टाकावे. पारसिक यांची चिंता या बाबतीत अगदी योग्य आहे, आणि संगीत जपण्याशी तिचा विरोध नाही.

शोधाचा सरळ मार्ग कागदपत्रांत आहे. नमुना क्रमांक २९ वर विकणाऱ्याचे नाव आणि पत्ता असतो आणि त्याची प्रत तुमच्या हस्तांतरणाच्या कागदांत असायला हवी. पहिला निरोप विक्रेत्यामार्फत द्यावा, म्हणजे उत्तर द्यायचे की नाही हे त्या कुटुंबाला ठरवता येईल.

पारसिक

विक्रेत्यामार्फत निरोप आणि निर्णय कुटुंबाचा, अशी पद्धत असेल तर माझी हरकत मागे घेतो. कळवेकरीण ताईंनी लिहिलेला प्रसंग माझ्या विचारात नव्हता.

घोडबंदरवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कॅसेटच्या दोन्ही पट्ट्या तोडलेल्या आहेत. बुरशी दिसत नाही, मात्र लोकरीचा तुकडा सुटून एका बाजूला पडलेला आहे. मी ती वाजवलेली नाही आणि वाजवणारही नाही. विक्रेत्यामार्फत निरोप धाडल्यावर मूळ मालकांच्या कन्येचा फोन आला. त्या ऐरोलीत राहतात. वडील आहेत, पण आता फारसे चालू शकत नाहीत आणि म्हणून गाडी काढली. कॅसेटवर त्यांच्या आजीने सगळ्या घराला बसवून म्हटलेल्या ओव्या आहेत आणि मध्ये वडील पेटी वाजवतात, असे त्यांनी सांगितले. घरात ती कॅसेट कपाटात शोधून झाली होती. गाडीत असेल हे वडील सांगत होते, पण तोवर गाडी गेली होती. फीतदुरुस्ती, त्यांनी तुमचा धाग्यातला प्रतिसाद वाचला आहे आणि काम तुमच्याकडूनच व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. कॅसेट मी परस्पर त्यांच्या हाती देतो. पुढचे तुम्ही आणि त्या ठरवा. सीडी त्यांना नको आहेत. ‘गाडीतच राहू द्या’ असे वडिलांनी सांगितले.

फीतदुरुस्ती

आनंदाने करीन. मला व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा. लोकरीचा तुकडा बदलायला फार वेळ लागत नाही. कॅसेट आणताना उभी ठेवावी आणि स्पीकरजवळ ठेवू नये, कारण त्याच्या चुंबकाने फीत पुसट होते. वडिलांना सोबत आणता आले तर फारच उत्तम, कारण मागचे आवाज कोणाचे हे तेच सांगू शकतील आणि ती नावे तिथल्या तिथे लिहून घेता येतील.

गाडीबाजार

हा धागा मी माझ्याकडच्या मुलांना वाचून दाखवला. आमच्याकडे आता गाडी धुलाईला जाण्याआधी स्टिरिओतली सीडी बाहेर काढायची, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, कॅसेट जे असेल ते पाकिटात घालायचे, पाकिटावर गाडीचा क्रमांक लिहायचा आणि ते विकणाऱ्याच्या कागदांच्या फाइलला टाचायचे, असे ठरवले आहे. बाप्पासाठी जो फोन जातो त्याच फोनमध्ये पाकिटाचेही विचारायचे. विकत घेणाऱ्याच्या हाती ते परस्पर द्यायचे नाही.

कळवेकरीण

दादा, हे फार चांगले केलेत. पाकीट किती दिवस ठेवणार? आमच्यासारख्यांना आठवण व्हायलाच काही महिने लागतात.

गाडीबाजार

ताई, आधी आरसी बुकावर नवे नाव चढेपर्यंत ठेवायचा विचार होता, परंतु तुमचे म्हणणे वाचून तो बदलला. हस्तांतरणाची फाइल आम्ही तशीही वर्षानुवर्षे जपतो, कारण जुन्या चलनांवरून आणि विम्यावरून प्रश्न येत राहतात. पाकीट त्या फाइलबरोबरच राहील.